ओटीचा नारळ परत आला

सटाण्याहून एसटीनं नाशिकला निघालो तेव्हा मांडीवर पिशवी होती. पिशवीत खण-नारळ. मागं परदेशी बँकेची बाई आमच्या वस्तीवर येऊन नळाचं पाणी देऊ म्हणाली, तेव्हा माझी बायको पाणी समितीत होती. "बाई परत आली की ओटी भरायची," म्हणून तिनं खण काढून ठेवला. बाई परत आली नाही. बायको गेली. परवा कळलं, बाई नाशिकला उतरली आहे. मग मीच निघालो.

दिंडोरीकडं द्राक्षाचे मळे लागले. प्रत्येक वेलीच्या बुडाशी पाण्याची नळी. आमच्यापेक्षा द्राक्षाचं बरं.

नाशिकला मिसळ खाल्ली. शेजारचा म्हणाला, "बाबा, रडताय का?" म्हटलं, "रस्सा चांगला आहे."

बाईची बैठक मोठ्या हॉटेलात होती. फरशी इतकी चकचकीत की मी चपला बाहेर काढल्या. वॉचमननं परत घालायला लावल्या. आत बाई भेटली, सोबत दुभाषी पोरगी.

"पाणी कुठं अडलं?" मी विचारलं.

पोरगी बाईला विचारून म्हणाली, "बाबा, कागद पूर्ण आहेत. पण बँकेत ज्या देशाचा वाटा मोठा, तो आपल्या सरकारवर नाराज आहे. जगाच्या सभेत आपण त्याच्या बाजूनं हात वर केला नाही. म्हणून कर्ज अडवलंय."

"आमच्या वस्तीला कुणी विचारलं होतं का, हात वर करता का म्हणून?"

"तुमचा काही संबंध नाही, बाबा."

"मग पाणी आमचंच का बंद?"

हे दुखणं मला ओळखीचं. लग्नात नवऱ्याकडचा एखादा काका मानपानावरून रुसतो आणि सगळी पंगत उपाशी बसते. माझी बायको अशा वेळी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना हाताला धरून एका ताटात जेवायला बसवायची.

ओटी बाईमाणसानं भरायची, म्हणून पिशवी पोरीकडं दिली. बाईनं खणावरून हात फिरवला आणि पिशवी परत केली.

"यांना घेता येत नाही," पोरगी म्हणाली. "कर्ज मागणाऱ्यांकडून काही घेतलं तर निर्णयावर परिणाम होतो, म्हणून घ्यायचं नाही असा नियम आहे."

"नारळानं होतो, आणि रुसव्यानं होत नाही का?"

पोरीनं ते बाईला सांगितलं. बाई म्हणाली, "मी वर लिहीन. पण ठरवणारे वेगळे आहेत."

वस्तीवर उतरलो तर बाया हंडे घेऊन उभ्या. "पानी कव्हय येई, बाबा?" (पाणी कधी येणार?)

"दोन देश एकमेकांशी बोलायला लागले की."

"तोवर?"

"तोवर हंडे उचला."

घरी नारळ फोडला. अर्धा तिच्या फोटोपुढं ठेवला, अर्धा मी खाल्ला. मग तिचाच हंडा घेऊन विहिरीकडं निघालो. दारातून म्हटलं, "तू असतीस तर दोघांना एका ताटात बसवलं असतंस."