सहा नंबरचं बेसिन

सगळं हॉस्पिटल तिला चकाचक मावशी म्हणायचं. बावीस वर्षं एकाच वॉर्डाची फरशी पुसून कंबर गेली, जीभ मात्र शाबूत. नवा डॉक्टर ओल्या फरशीवर बूट घेऊन आला की म्हणायची, "या साहेब, फरशी तुमच्याच बापाची!" साहेब टाचांवर परत.

तिचा खरा जीव सहा नंबरच्या खाटेला खेटून असलेल्या हात धुण्याच्या बेसिनवर. ते ती असं घासायची, की नळात बघून सिस्टर केस सारखे करायच्या.

पेशंटचं अंग पुसलेलं पाणी टाकायची जागा पार पॅसेजच्या टोकाला. चौऱ्याऐंशी पावलं, तिनं मोजली होती. कंबर धड होती तोवर ती चालली, पुढे पाणी बेसिनमध्येच ओतायला लागली. सिस्टरही सलाइनमधलं, इंजेक्शनमधलं उरलंसुरलं औषध तिथंच रिकामं करायच्या. ओतलं की मावशी लगेच घासायची. मग घाण राहतेय कुठली?

थोरल्या भावाच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मोठ्या सिस्टरचे पाय धरायचेच काय ते तिनं बाकी ठेवले. "माझ्या दादाला सहा नंबरच द्या. तिथल्याइतकं स्वच्छ कुठं नाही."

दादा शिंपी. टाके बघून डॉक्टरांना म्हणाला, "शिलाई तिरपी गेलीय हो. माझा कारागीर असता तर उसवून घेतली असती."

पाचव्या दिवशी त्याला ताप चढला. टाक्यांतून पू यायला लागला. एक अँटिबायोटिक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, ताप हलेना. शेजारच्या पाच नंबरवालीलाही तसाच ताप.

मग लॅबवाला आला. लांब काडीला लावलेला कापूस त्यानं खाटांवरून, नळावरून, बेसिनच्या भोकातून, मावशीच्या फडक्यावरून फिरवला. ती खवळली. "माझ्या फडक्यावर संशय? त्यापेक्षा माझ्या चारित्र्यावर घे!"

तीन दिवसांनी तो परत आला, सोबत प्लंबर. "मावशी, फडकं सुटलं. बेसिन अडकलं."

प्लंबरनं बेसिनखालचा वाकडा पाइप खोलला. आत करडा, बुळबुळीत थर, बोटभर जाड. वास असा, की सिस्टर तोंडाला रुमाल लावून मागं सरल्या.

"दादांच्या पोटात हेच जंतू आहेत," लॅबवाला म्हणाला. "तुम्ही ओतता ते पाणी यांचं जेवण. औषधं थोडी थोडी चाटून इतके निबर झालेत, की आता कशाला दाद देत नाहीत. नळ सोडला की थेंबांबरोबर उडतात, शेजारच्या खाटेवर."

मावशीनं वाकून पाइपात बघितलं. "पण मी रोज घासत होते रे."

"वरून," प्लंबर म्हणाला.

दादाला वेगळ्या खोलीत हलवलं. डॉक्टरांकडे एकच औषध उरलं होतं, जुनं, किडनीला बाधणारं. तेही लागू पडेल याची खात्री नव्हती. मावशीनं सहा दिवस धड घास गिळला नाही. सातव्या दिवशी ताप उतरला.

ती आत गेली ती गाऊन, हातमोजे, टोपी घालून. दादा खोल गेलेल्या आवाजात हसला. "काय गं, चंद्रावर निघालीस? अगं, तू ती खाट मिळवून दिलीस म्हणून वाचलो."

"दादा, त्या खाटेनंच..." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. पाणी, पाइप, थेंब. ओल्या फडक्यानं ती त्याचे पाय पुसत राहिली.

शेवटी तो म्हणाला, "माझ्याआधी तिथं कोण होतं गं?"

तिचा हात थांबला.

आधी हॉस्पिटलच्या ड्रायव्हरची आई होती. तिच्याआधी स्वयंपाकघरातल्या बाईंचा नवरा. त्याच्याआधी तिचीच शेजारीण. ओळखीच्या प्रत्येकाला तिनं तीच खाट मिळवून दिली होती, हातापाया पडून. कोण घरी चालत गेलं, कोण चादरीतून गेलं, हे तिनं कधी मोजलंच नव्हतं.

तिनं पाण्याचं भांडं उचललं, दोन्ही हातांनी धरलं आणि पॅसेजच्या टोकाकडे चालायला लागली. एक. दोन. तीन. ड्रायव्हर समोरून आला, नेहमीसारखा हसला. "काय मावशी, दादा बरे ना?"

तिला पुढचा आकडा आठवेना.