अप्पासाहेबांनी दिलेला ग्लास

आधीच सांगतो — भूतप्रेत, करणी, अंगात येणं यांतल्या कशावरही माझा विश्वास नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आमच्या घरातून देव गेले आणि त्यांच्या पाठोपाठ भुतंही गेली. लातूरला माझं गॅरेज आहे. गाडी बंद पडते त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत गाडीखाली पडून राहायचं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

काम मला किसनकाकांनी शिकवलं, माझ्या सख्ख्या चुलत्यांनी. नांदेडला त्यांनी वीस वर्षं एक गाडी जिवापाड सांभाळली — अप्पासाहेबांची लाल, दोन दारांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार. अप्पासाहेब म्हणजे चौकातल्या बॅनरवर कायम हात जोडून उभे असलेले गृहस्थ. एकसष्टी झाली तरी बॅनरवर 'युवा नेतृत्व'.

बंगल्यावर सगळ्यांना पाणी स्टीलच्या ग्लासात मिळायचं. काकांना वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ग्लासात. पूर्वी वेगळी कपबशी असायची, आता 'हायजीन' असते. एका मे महिन्यात, भर दुपारी, ते प्लास्टिकचे ग्लास संपले होते. काकांनी ट्रेमधला स्टीलचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायले. दहा माणसं बसलेली. अप्पासाहेब हसले.

"ऱ्हाऊ दे किसन, परत ठिवू नको तो. घरी घेऊन जा. तुझाच झाला आता."

एकसष्टीला वाटलेल्या ग्लासांपैकीच तो. त्यावर अप्पासाहेबांचं नाव कोरलेलं. काकांनी तो घरी नेला, फळीवर पालथा ठेवला आणि पुन्हा त्या बंगल्याची पायरी चढले नाहीत. वर्षभरात गेले.

गेल्या हिवाळ्यात तीच गाडी टेम्पोवर लादून माझ्या दारात आली. मागोमाग फोन.

"तुझ्या काकाशिवाय हिला कुणाचा हात लागला न्हाई. कूलंट गळून राहिलंय. पोराच्या परण्याला हीच गाडी पायजे मला."

मी होकार दिला तो निव्वळ सूडापोटी. लीक शोधायची आणि परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची वरात, मारुतीच्या देवळात पोचायच्या आत सुटेल इतपतच बुजवायची, असा बेत होता. पण लीकच सापडेना! प्रेशर देऊन ठेवलं, तासभर काटा हलला नाही. होज, वॉटर पंप, हीटर, हेड गॅस्केट... सगळं कोरडं. शेवटी कूलंटमध्ये तो रंग टाकला, जो जांभळ्या टॉर्चखाली हिरवा चमकतो. गळती केसाएवढी असली तरी लपत नाही. स्वतः चालवत गाडी नांदेडला नेली. एक थेंब कमी नाही, कुठे चमक नाही. सूड घ्यावा असा एकही दोष त्या गाडीत नव्हता.

"मी बसलो की पाणी संपतंय," अप्पासाहेब म्हणाले. "दोनदा झालं. एकाच वळणावर."

कुठलं वळण ते त्यांनी सांगितलं. किसनकाकांच्या, म्हणजे आता काकूच्या, दारासमोरचं. योगायोगालाही जागा ठेवावी लागते.

परण्याच्या दुपारी मिस्त्रीनं गाडीसोबत चालावं असा हुकूम होता. पुढे बँड, नवरदेव मागे उंचावर बसलेला, फेटा बांधलेले अप्पासाहेब स्वतः स्टिअरिंगला. त्या वळणावर आलो आणि तापमानाचा काटा लाल पट्टीवर गेला. गाडी बंद. वाफ नाही, रस्त्यावर ओल नाही. अर्ध्या तासानं झाकण उघडलं — आत ठणठणीत कोरडं. सहा लिटर पाणी गेलं कुठं?

"ओ बाई, बादलीभर पाणी आणा जरा!" अप्पासाहेब ओरडले.

काकू दारात आली. हातात प्लास्टिकचा भरलेला ग्लास.

"बादली कशाला? ह्याच्यात घ्या की."

"चेष्टा करून राहिल्या का? गाडीला पायजे."

"गाडी बी तुमचीच ना? तुमच्या घरी पाणी कसं देतेत ते आमच्या मालकांनी सांगितलंय मला. किसन मिस्त्रीची बायको मी."

एक कार्यकर्ता पुढं झाला. काकूनं ग्लास मागं घेतला. "तू न्हाई बाबा. ज्यानं दिला त्याच्याच हातात देणार."

गल्लीतली सगळी दारं उघडी होती, पण बादली घेऊन कुणीच बाहेर आलं नाही. मुहूर्त जवळ येत होता. मग अप्पासाहेब निघाले... दारापासून गाडीपर्यंत, गाडीपासून दारापर्यंत, एका हातानं फेटा सावरत. चाळीस फेऱ्या झाल्या. मी मदत केली नाही, मी मोजत होतो. बँड केव्हाचा थांबला होता.

वरात गेल्यावर मी आत टेकलो. फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी काकांचा फोटो आणि त्यापुढे तो ग्लास. पालथा नव्हता. काठोकाठ भरलेला.

"काकू, ह्यात पाणी कुणी भरलं?"

"कोण भरंल? सकाळीच पुसून पालथा ठिवला व्हता."

वास घेतला. गोडसर. माझा हात आपोआप खिशातल्या टॉर्चकडे गेला. जांभळा उजेड पडताच ग्लासातलं पाणी हिरवंगार चमकलं.

काकूनं तो मोरीत ओतला, विसळला आणि पालथा ठेवला.

यावर मी खूप विचार केलाय. त्या दुपारी घरात काकूशिवाय कुणी नव्हतं, आणि गाडीचं बॉनेट माझ्या नजरेआड कधी झालं नाही. शिवाय ग्लासात मावतं ते पाव लिटरच्या आत. बाकीचं कुठं जातं तेही सांगता येत नाही. लीक सापडली, पण कारण नाही सापडलं.

अप्पासाहेबांनी तो रस्ता सोडलाय, तरी गाडी कोरडी पडतेच. त्यांचा फोन आला की मी म्हणतो, "शोधून राहिलोय, अप्पासाहेब." मग काकूला फोन लावतो — ग्लास पालथाच आहे ना?

"न्हाई रे सिद्धू," ती परवा म्हणाली. "भरलाय. गेले असतील गाडी घेऊन कुठंतरी मिरवायला."