पोपटी बुटांची पनोती

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली होती, अर्धी जसुमतीबेनच्या मांडीवर तशीच पडून होती. टाचेत कळ आली की हात आपोआप थांबायचे.

भावनगरच्या त्या गल्लीत खाखऱ्यांचा, म्हणजे पातळ कडक पोळ्यांचा, गृहउद्योग होता आणि खिडकीजवळच्या शेगडीपाशी उभं राहून खाखरे दाबत भाजणं हे जसुमतीबेनचं वर्षानुवर्षांचं काम. पण टाच दुखायला लागल्यापासून ती मधूनमधून टेकायची आणि तव्यावरचा खाखरा करपायचा. उद्योगाची मालकीण पुष्पाबेन एकदा गोड आवाजात म्हणाली, "बेन, तुम्ही पॅकिंगला बसा ना. आरामच आराम!" पॅकिंगला बसायचं म्हणजे खिडकी गेली आणि मजुरी निम्म्यावर आली.

म्हणून रविवारच्या गुजरी बाजारात एका हातगाडीवरून तिनं फोमचे बूट घेतले. स्वस्तातले, वर भोकं, मागे पट्टा, रंग पोपटी. तिच्या मापात तेवढाच रंग उरला होता.

"जसुबेन, अगदी बदक दिसता हो!" शेजारच्या शेगडीवरची रमीला म्हणाली.

"दिसू दे. बदकाची टाच दुखल्याचं ऐकलंयस कधी?"

त्या आठवड्यात तिनं उभ्यानं भाजलं, एकही खाखरा करपला नाही. संध्याकाळी ठाकोरजींपुढे दिवा लावताना तिनं बुटांचंही नाव घेतलं. देवाला काय, सगळं चालतं.

तिच्या नवऱ्याला, नटुभाईंना, मात्र फोमपेक्षा पत्रिकेवर भरवसा. जोशीमहाराजांनी घरावर शनीची पनोती सांगितली होती. पाण्याची मोटर जळली ती पनोती, मुलाची बदली अडली ती पनोती, आणि टाच तर पनोतीच. उपाय सोपा होता. शनिवारी हनुमानदादाच्या देवळाबाहेर पायातलं सोडायचं आणि मागे न बघता घरी यायचं. निम्मं गाव हेच करायचं.

"मी जुन्या रबरी चपला सोडते," जसुमतीबेन म्हणाली.

"शनिमहाराजांना फसवतेस, जसु? रोज पायात असतं ते सोडायचं असतं."

"रोज तर टाच असते पायात. ती सोडून येऊ?"

शेवटी ती नटुभाईंबरोबर पोपटी बूट घालून निघाली आणि रबरी चपला पिशवीत घेतल्या. देवळाच्या डाव्या हाताला सोडून द्यायच्या जोड्यांचा ढीग होता, तिथे तिनं चपला ठेवल्या. उजव्या हाताला परत घालून जायच्या जोड्यांची रांग, तिथे बूट. दादाला तेल वाहून बाहेर येते तो चपला जागच्या जागी आणि बूट गायब.

नटुभाईंनी दोन्ही हात जोडले. "दादानं स्वतः निवडून नेले गं! तू लबाडी केलीस, त्यानं दुरुस्त केली."

"आता मी घरी कशी जाऊ?" तिनं रबरी चपलेत पाय घालायला घेतला.

"हां हां! सोडलेली पनोती परत पायात?"

ती अनवाणी घरी आली. नटुभाईंनी गल्लीत पेढे वाटले. बायका येऊन म्हणाल्या, भाग्यवान हो तुम्ही. टाच कशी आहे, हे एकीनंही विचारलं नाही. सोमवारपासून पुन्हा थंडगार फरशी, पुन्हा टेकणं, पुन्हा करपणं. पुष्पाबेननंही पेढा तोंडात टाकला होता, पण शुक्रवारी म्हणाली, "येत्या सोमवारी ठरवून टाकू, बेन. पॅकिंगवाली जागा रिकामीच आहे."

शनिवारी ती घरातल्याच एका साध्या चपलेत देवळात गेली. दारात रुईच्या माळा विकणाऱ्या म्हाताऱ्या मणिमाच्या पायात पोपटी बूट होते.

"मणिमा, हे माझे बूट."

"तुझे? मग घे की!" मणिमानं लगेच पाय बाहेर काढले. "गर्दीच्या पायांनी रांगेतून सरकून ढिगाकडे आले होते गं, मला वाटलं सोडलेलेच. म्हटलं, नवेकोरे सोडले म्हणजे या बाईची पनोती केवढी दांडगी असेल!"

"मग भीती नाही वाटली घालायला?"

"माझ्याकडे येऊन पनोती काय नेणार? माळा? मोठेच होतात मेले, बघ, चिंध्या कोंबल्यात."

जसुमतीबेननं आपल्या चपला मणिमाला दिल्या, त्याही तिला मोठ्याच झाल्या, पण अंगठ्यात अडकून राहिल्या. चिंध्या काढून बुटात पाय घातला आणि टाचेनं सुस्कारा सोडला. घरी काय सांगायचं ते वाटेत सुचलं.

नटुभाई उंबऱ्यातच पांढरे पडले. "हे परत आले?"

"तुम्हीच म्हणालात ना, दादानं नेले? आठवडाभर ठेवले आणि आज स्वतःच्या दारात परत दिले. दादाकडून परत मिळतं त्याला काय म्हणतात?"

"प्रसाद," नटुभाई पुटपुटले.

आपल्या हुशारीवर ती खूश झाली, चहा उकळेपर्यंत. कप घेऊन बाहेर आली तेव्हा बूट धुऊन पुसून देव्हाऱ्याशेजारी पाटावर विराजमान झाले होते. दोघांनाही कुंकू लावलेलं, एका भोकात झेंडूचं फूल.

"आता पायात कसे घालायचे, जसु? पादुका आहेत या."

शेजारणी दर्शनाला यायला लागल्या. रमीलानं तर, बदक म्हटलं होतं म्हणून, कान पकडले. जसुमतीबेनला राग येणार होता, पण फूल बघून तिचेही हात जोडले गेले. जोडले गेलेले हात मग लगेच कसे सोडायचे?

चहा निवला. ती पुन्हा मेथी घेऊन बसली. उद्या रविवार. गुजरीत जाऊन फोमचे बूट घ्यायचे होते, पोपटी सोडून कुठल्याही रंगाचे.