बसंना झालेला गंधार

मानवतला दिनकरराव गुरुजींच्या बैठकीत दुपारी पेट्या उघडल्या, की सत्यशीलाला अजून सुमनकाकूंच्या आल्याच्या चहाचा वास येतो. गुरुजींच्या बायकोला, काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. शाळकरी वयात सत्यशीला त्यांच्याच मांडीला मांडी लावून पेटी शिकली. आता तिची लेक कॉलेजात जाते आणि ती गुरुजींच्या महिला वृंदात बसते.

रविवारी काकूंच्या आठवणीचा कार्यक्रम होता. त्यासाठी गुरुजींनी काकूंनीच चाल लावलेलं कापूसवेचणीचं गाणं काढलं. जुना कागद पार पुसट झालेला. त्यावरून त्यांनी नव्यानं स्वर लिहिले अन् सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या. पहिल्याच ओळीला सत्यशीला अडखळली. गंधाराखालची आडवी रेघ कुठं गेली? रेघ असली तर स्वर कोमल. ती नाही म्हणून साऱ्याजणी शुद्ध गंधार वाजवत होत्या आणि काकूंचं हळवं गाणं वरातीच्या बँडसारखं ठणठणीत झालं होतं.

पण सांगायचं कसं? मागं वृंदातली प्रियांका चारचौघींत "गुरुजी, तुमचं चुकलंय" म्हणाली, तर गुरुजींनी पेटीचं झाकण लावलं ते आठवडाभर उघडलं नाही. गप्प बसावं, तर काकूंची चाल अशीच बायकांच्या हातात बसायची.

"सत्यशीला, हात का थांबला गं?"

"गुरुजी, मला इथं गंधार बसंना झालाय. कागद राहू द्या, एकदा काकूंसारखं वाजवून दाखवता का?"

"एवढी वर्षं झाली, अजून बसंना? लय अवघड हाय बाई तुझं!"

बायका खुसखुसल्या. गुरुजींनी चष्मा काढला, डोळे मिटले. बोट आपसूक कोमल गंधाराच्या काळ्या पट्टीवर गेलं. ते थांबले. पुन्हा वाजवलं. मग चष्मा लावून कागद डोळ्यांजवळ धरला.

"सुमन बी असंच म्हणायची," ते हळूच म्हणाले. "बसंना झालंय, जरा वाजवून दाखवा. जन्मभर मला वाटलं, बिचारीला गंधार येत न्हाई."

सत्यशीलानं मान खाली घातली. गुरुजींनी खिशातला पेन काढून तिच्यापुढं केला.

"घे. अजून कुठं कुठं बसंना तुला?"

"दुसऱ्या अंतऱ्यात, गुरुजी," ती म्हणाली. "अन् शेवटी शेवटी थोडं."