झोपेला वार नको

आमच्या घरचा गुरुवार होता. कन्नड मुलखातल्या शहरात, चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरांत ही पद्धत माझ्या वडिलांच्याही आधीपासूनची. शिकायला आलेल्या गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचे. एका घरावर एकच वार, म्हणून भार कोणालाच वाटत नाही. मी हिशेबाच्या कचेरीत नोकरी करणारा माणूस, आणि ही वाटणी मला लहानपणापासून निर्दोष वाटत आली होती.

राज्याच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, त्यानंतरच्या वर्षांत अथणीकडचा एक मुलगा आमच्या गुरुवारावर आला. वय अठरा, वडील नव्हते, चुलत्याने मॅट्रिकनंतर हात झटकले होते. पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात मात्र मिळाला नव्हता. पहिल्याच दिवशी माझी बायको भाताची पळी हातात धरून म्हणाली, "स्वल्प वाढू का?"

"स्वल्प नको, वैनी. वाढायचाच तर नीट वाढा. उद्याचं घर हात आखडूनच वाढतंय."

ती हसली. मला तो आगाऊ वाटला.

संक्रांतीच्या दिवसांत आमच्याकडे हळदीकुंकू होते. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, बाहेरचे सगळे ऐकू येत होते. सोमवारच्या घरची बाई माझ्या बायकोला म्हणाली, "तुमच्याकडे माडी आहे म्हणून बरं. आमच्याकडे पाय पसरायला जागा नाही, नाहीतर त्या पोराला मीच झोपायला ठेवलं असतं."

"आमच्याकडे कुठं? तुमच्याकडेच झोपतो ना तो?"

"अय्यो, नाही हो! मंगळवारच्या अक्कांकडे असेल."

अक्का म्हणजे निवृत्त शिक्षिका. विधवा, एकट्या राहणाऱ्या, सगळ्या पेटेच्याच अक्का. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे झोपत असता, तर रोज पहाटे नळावर मी कशाला भांडले असते? त्यालाच नसतं पाठवलं?"

बायका हसल्या. मग एकेका घराची चौकशी झाली, आणि शेवटच्या घरापर्यंत पोचेतो हसू थांबले. सात घरी जेवणारा मुलगा एकाही घरी झोपत नव्हता. प्रत्येक घराने तो दुसऱ्याकडे झोपतो असे धरले होते.

गुरुवारी तो आला तेव्हा मी सरळच विचारले.

"मार्केटच्या अलीकडं धर्मशाळा आहे बघा, तिथं," तो म्हणाला. "आत तीनच दिवस राहू देतात, ते पण परगावच्याला. माझे तीन दिवस कधीच झाले. आता बाहेर ओसरीवर."

"आणि पुस्तकं?"

त्याने खांद्यावरच्या जड पिशवीवर थाप मारली. "म्हणून तर रोज सगळी घेऊन फिरतो. तुम्हाला वाटलं असंल, पोरगं फार अभ्यासू आहे."

रविवारी सकाळी अक्का आणि मी धर्मशाळेकडे गेलो. पहारेकरी बादलीने पाणी ओतून ओसरी धूत होता. झोपलेल्यांना उठवायची त्याची तीच रीत होती. पाच पोरे ओल्या वळकट्या काखेत धरून उभी होती. आमच्या गुरुवारचा एक, पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकणारा एक तमिळ मुलगा, हॉटेलात कपबश्या विसळून रात्रशाळेत जाणारा तिसरा, आणि सावत्र आईने बाहेर काढलेले कोलारकडचे दोघे भाऊ. अक्का पहारेकऱ्याला कन्नडमध्ये म्हणाल्या, "माणसं धुवून निघतात होय रे?" तो म्हणाला, "मालकांचा हुकूम आहे." अक्कांनी त्याच्या हातातली बादली घेतली आणि बाजूला ठेवून दिली.

त्याच संध्याकाळी मी सातही घरच्या लोकांना आमच्याकडे बोलावले. शनिवारचे घर एका वकिलांचे होते. त्यांनी दोन मिनिटांत तोड काढली. "जेवणाचे वार आहेत, तसे झोपेचे लावू. प्रत्येकावर आठवड्यातून एकच रात्र. सरी?"

सगळे मान हलवून सरी म्हणाले. मीही म्हणणार होतो, हिशेब बरोबर होता. दारापाशी उभा असलेला मुलगा म्हणाला, "मला नको, अण्णा."

"काय नको?" वकिलांनी विचारले.

"सात घरी जेवताना सात घरांच्या लहरी सांभाळतो मी. कुठं मीठ मागायचं, कुठं नाही, कुठं हसायचं, सगळं पाठ आहे. आता झोपेत पण पाहुणाच राहू काय? बोचकं काखेत, आज इथं, उद्या तिथं. मला एक जागा द्या. लहान असू दे, पण रोज तीच. आणि तिथले चौघं पण आहेत, मी एकटा येणार नाही."

वकील म्हणाले, "हा मागतोय की फर्मान काढतोय?"

"नुसतं मागून मिळालं असतं, तर ओसरीवर कशाला झोपलो असतो?"

वकील चपला घालून निघून गेले. त्यांचा शनिवार बंद झाला, तो अक्कांनी आपल्याकडे घेतला. मला मात्र त्या पोराचे म्हणणे सोडवेना. भार वाटून घ्यायच्या नादात आम्ही त्या माणसाचेच सात तुकडे करायला निघालो होतो, आणि त्याला दया म्हणत होतो.

आमच्या समाजाचे एक सभागृह होते. लग्ने, मुंजी आणि गणपती सोडले तर त्याचे दार बंदच. माडीवर एक लांब खोली होती, खिडक्यांची, कोरडी. मी कार्यकारी समितीत होतो. पाचही मुलांना ती खोली द्यावी असा ठराव मी मांडला.

अध्यक्ष कापडाचे व्यापारी होते. त्यांनी विचारले, "पाचांत आपले किती?"

"एक."

"मग त्या एकाला जिन्याखाली झोपू दे. खोली रिकामी आहे कुठं? लग्नाची भांडी आहेत तिथं."

"पाच म्हणजे पाच," मी म्हणालो. "आपले आणि परके हे ओसरीवर कोणी विचारत नाही."

ठरावाच्या बाजूने माझा एकट्याचा हात वर होता. तो मी सगळ्यांना नीट दिसेतो वर ठेवला.

घरी येऊन सांगितले तेव्हा अक्का आमच्याकडेच बसल्या होत्या. बायकोने विचारले, "भांडी कोणाची आहेत ती?"

"समाजाची."

"त्यातल्या मोठ्या पातेल्यावर सासूबाईंचं नाव कोरलंय. परातीवर अक्कांच्या आईचं. एक भांडं दाखवा, ज्यावर कुणा बाईचं नाव नाही."

"दिलेली वस्तू परत घेता येत नाही," मी म्हणालो. "नियम आहे."

"परत कोण घेतंय?" अक्का म्हणाल्या. "सांभाळायला नेतोय. लग्न असलं की आणून देऊ, घासून."

मी समितीचे नियम काढून दोनदा वाचले. भांडी जतन करावीत एवढेच होते. कुठे, ते नव्हते. मी तसे सांगितले, आणि त्या दोघी लगेच उठून घरोघर निघाल्या.

पुढच्या रविवारी भर दुपारी बायका सभागृहावर आल्या. माडीवर चढायच्या, कोरलेले नाव वाचायचे, आपले भांडे उचलायचे, उतरायचे. पातेली, घंगाळे, पराती, झारे. रस्त्याने डोक्यावर पितळ चमकत चालले होते. एका टांगेवाल्याने हाक दिली, "काय अक्का, कोणाचं लग्न?"

"लग्न नाही रे, गृहप्रवेश!"

अध्यक्ष घाम पुसत आले. "हे काय चाललंय?"

माझी बायको म्हणाली, "भांडी होती म्हणून जागा नव्हती ना? आता भांडी नाहीत."

ते जिन्याकडे वळले. वरून त्यांच्याच पत्नी मोठे घंगाळ घेऊन उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "बाजूला व्हा."

अंधार पडायच्या आत पाच वळकट्या वर गेल्या होत्या. समितीने कुरकुरत मान्यता दिली, तीही परीक्षेपर्यंतच. मुलांनी फळ्यांची मांडणी ठोकली. मुलाची पुस्तके तिच्यावर गेली आणि गुरुवारी तो रिकाम्या खांद्याने जेवायला येऊ लागला.

उन्हाळ्यात निकाल लागला. त्याचे दोन विषय राहिले. अध्यक्षांना तेवढेच हवे होते. ते मला म्हणाले, "नापास झाला तो. समाजाची जागा म्हणजे काय फुकट मुक्काम आहे? चला, तुमच्यासमोरच सांगतो."

वाटेत मी त्यांना म्हणालो की छप्पर हे पास होण्याचे बक्षीस नव्हे. छप्पर नसताना तो पहिले सहा महिने कसा शिकला, हे आधी समितीने सांगावे. ते सभागृहाचा जिना चढू लागले.

त्यांनी दार ठोठावले. मुलाने उघडले आणि उंबऱ्यातच उभा राहिला. मागे बांधणीवाला मुलगा जमिनीवर झोपला होता, कोलारचा धाकटा भाऊ पाटीवर गणित करत होता.

"मुदत संपली," अध्यक्ष म्हणाले. "सामान बांधा."

"विषय राहिलेत, ते पुढच्या परीक्षेला देतो," मुलगा म्हणाला. "खोली मात्र आजच लागणार आहे."

"समिती तसा ठराव करील."

"करा. लिहून आणा. मी वाचतो, ह्या चौघांना वाचून दाखवतो, मग उत्तर देतो. आत्ता अभ्यास चाललाय."

आणि त्याने दार लावून घेतले. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही काहीतरी बोला की!"

"बोलतो," मी म्हणालो. "तुमच्या ठरावाच्या विरुद्ध माझं मत आत्ताच लिहून घ्या. आणि या वेळी बाकीच्यांना त्यांच्या घरी विचारून यायला सांगा."