केसाची सावली

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना बोरी गावात सगळे भोंगा सर म्हणत. ते बारावीच्या वर्गात शिकवू लागले की शब्दन् शब्द रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर ऐकू यायचा. जिंतूरच्या गाडीची वाट बघणारी माणसं उभ्या उभ्या ऐकत राहायची. हे नाव सरांना माहीत होतं. "भोंगा तर भोंगा," ते म्हणायचे, "मागच्या बाकड्याला ऐकू जायलंय ना?"

न कळता हलवलेली मान त्यांना खपत नसे. "कळलं न्हाई म्हणायला लय हिंमत लागती. ती आधी शिका." प्रकाशाचा धडा सुरू झाला त्या दिवशी त्यांनी खिडकीच्या गजाला बैलाचा कासरा बांधला आणि दुसऱ्या टोकाला हिसका दिला. लाट गजापर्यंत गेली. "कासरा जागेवरच हाय. गेली ती लाट. उजेड असाच लाटेनं येतो."

मी विचारलं, "पण सर, सूर्यापासून इथपर्यंत कासरा कुठं हाय? मधी तर काहीच न्हाई."

सरांनी हातातला कासरा खाली ठेवला. "आवाजाला हवा लागती. उजेडाला काहीच लागत न्हाई. विजेचं क्षेत्र चुंबकाच्या क्षेत्राला जागवतं, ते पुन्हा विजेच्या क्षेत्राला, असं चालत येतं. गणितात मला दिसतं, पोरी. डोळ्यापुढं मलाबी येत न्हाई."

माझ्या घरात माझ्याआधी कुणी विज्ञान घेतलं नव्हतं. न कळणं ही आपल्याच घराची गोष्ट नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

गणपतीत सरांचा आवाज बसला. खडीसाखर झाली, काढे झाले. परभणीच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. घशात कर्करोग निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. दिवाळीनंतर सर परत आले ते गळ्याला पांढरा रुमाल बांधून आणि हातात पाटी घेऊन. प्राचार्य भले होते. आमच्यासमोरच म्हणाले, "सर, आता वर्गाचा त्रास नको. ऑफिसात बसा."

सरांनी पाटीवर लिहिलं : एक तास द्या.

त्या तासाला आम्ही खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. प्राचार्य मागं येऊन बसले. सरांनी खुणेनं माझ्या वेणीतला एक केस मागितला आणि जत्रेत मिळतो तसल्या लेसरच्या तोंडावर आडवा चिकटवला. समोरच्या भिंतीवर लाल ठिपक्याची लांब पट्टी झाली. उजेड, अंधार, पुन्हा उजेड.

"मधी केसाची सावली पाहिजे होती," मागून गजानन म्हणाला, "तिथंच तर लय उजेड हाय."

सरांनी त्याच्याकडे बोट केलं. मग दोन्ही हात लाटेसारखे हलवत टेबलावरच्या खडूच्या दोन बाजूंनी नेले आणि पुढं एकमेकांत मिसळले.

"उजेड केसाच्या दोन्ही अंगांनी वळला," मी म्हणाले. सरांनी मान हलवली. "पुढं दोन्ही लाटा भेटल्या. उंचवट्यावर उंचवटा आला तिथं उजेड."

"आन् उंचवट्यावर खळगा आला तिथं अंधार," गजानन म्हणाला.

"उजेडात उजेड मिसळून अंधार?" प्राचार्यांनी विचारलं. सरांनी आमच्याकडे पाहिलं. मग सगळा वर्ग उठून त्यांना समजावू लागला, एकमेकांचं खोडत, पुन्हा मांडत. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तास संपल्यावर प्राचार्य म्हणाले, "वेळापत्रक आहे तसंच राहू द्या."

निवृत्त होईपर्यंत सर वर्गावर होते. पुढं दुखणं उलटलं. मी तेव्हा परभणीत बीएस्सी संपवून एमएस्सीला लागले होते. गावी गेले की त्यांच्याकडे जायचे. शेवटच्या भेटीत ते खाटेवर होते, पाटी धरायचीही ताकद नव्हती. मी प्रकाशशास्त्र घेतल्याचं सांगितलं. त्यांचे ओठ हलले. मला समजलं नाही. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांच्या उशाशी बसल्या होत्या.

"ते म्हणायलेत," काकू म्हणाल्या, "तू काय शिकलीस ते सांग."

मी खाटेजवळ बसले आणि सांगत राहिले. सरांनी डोळे मिटले होते. झोप लागली असं वाटून मी उठायला निघाले, तर काकूंनी मला हातानं बसवलं. पुढं एका ठिकाणी मी चुकले. सरांनी पांघरुणातून बोट वर केलं. मी थांबले, नीट विचार करून पुन्हा मांडलं.

बोट हळूच खाली गेलं.