बोंगनिमवहिनीचं देवाला विचारणं

माझी वहिनी बोंगनिम देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, असं आमच्या बेटावर सगळे कौतुकाने म्हणत. मी तिची नणंद. चाळीस वर्षं चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेला तिच्या शेजारी बसत आले, त्यामुळे खरं काय ते मला ठाऊक होतं. ती देवाला विचारत नसे, कळवत असे. "प्रभू, तुझी इच्छा असेल तर" एवढं म्हणून झालं की पुढे तारखा, नावं, कोणी काय करायचं, सगळं यायचं. आवाज असा की पाळकसाहेबांचं काही ऐकू येऊ नये. माझ्या दादाशी लग्नही तिने असंच ठरवलं. दादाला मागाहून कळलं.

दादा गेला आणि तीन वर्षांनी, सहासष्टाव्या वर्षी, तिने मुख्य भूमीवर सुवन शहरात लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. समुद्री शेवाळ वाळवायच्या जाळ्या वाटून टाकल्या, किमचीचे, म्हणजे तिखटमिठात मुरवलेल्या कोबीचे, रांजण माझ्या अंगणात आणून ठेवले, कुत्रा पाळकसाहेबांच्या गळ्यात बांधला. मग रविवारी उपासनेत उभी राहून म्हणाली, "देवाची इच्छा आहे." सगळे आमेन म्हणाले. मी आमेन म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात दुसिम न्हाणीघरात पडली. दुसिम म्हणजे वहिनीहून नऊ वर्षांनी मोठी, नवरा नाही, मूलबाळ नाही, आणि जीभ अशी की कात्रीने लाजावं. वहिनी चर्चच्या स्वयंपाकघरात उरलेलं मटण घरी नेते, असं तिने एकदा चारचौघांत म्हटलं होतं. खोटं होतं ते. त्यानंतर वीस वर्षं दोघी एकाच बाकावर बसल्या नाहीत. आता दुसिमचं अर्धं अंग लुळं पडलं. सरकारी सेविका आठवड्यातून तीन दिवस यायची. उरलेल्या चार दिवसांचं काय, हे कोणीच बोलेना. पाळक ग्वाक नुसते प्रार्थनेत म्हणाले, "प्रभू, कोणाला तरी पाठव."

वहिनीचं घर दुसिमच्या घराला लागून. चर्चमधल्या बाकीच्या आम्ही म्हाताऱ्या चढावर राहणाऱ्या, माझे तर दोन्ही गुडघे गेलेले.

"वहिनी, ऐकलंस ना पाळकसाहेब काय म्हणाले ते?"

"ऐकलं. मी देवाकडे खूण मागितली आहे. मी जाऊ नये असं असेल तर तो मला अडवेल."

निघायच्या दिवशी धुकं पडलं आणि बोट सुटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती सामानावर बसलेली असताना मी म्हटलं, "झालं ना समाधान? याहून मोठ्याने त्याने कसं सांगायचं?"

"वन्सं, हे हवामान आहे."

चौथ्या दिवशी ऊन पडलं. "बघा," म्हणाली, "देवाने वाट मोकळी केली." आणि बोटीत चढली. दुसिमला पेज भरवायला काठी टेकत मीच जाऊ लागले.

बाराव्या दिवशी संध्याकाळच्या बोटीने वहिनी परत आली. दोन्ही हातांत पिशव्या, तोंड सुजल्यासारखं. वाटलं, लेकीशी भांडली असणार. तसं नव्हतं. लेकीने, ह्येरानने, तिला खिडकीजवळची खोली दिली होती, जावई रोज फळं आणत होता.

"मग झालं काय?" मी विचारलं.

"तिथलं चर्च केवढं. सहा हजार माणसं. गायनमंडळ असं की ऐकत राहावं. आणि मी डोळे मिटले की ती बाई. रोज. ती तशी पडलेली, तोंड वाकडं. मी म्हटलं, प्रभू, मी तुला दुसरंच काही विचारते आहे. पण नाही. तीच."

"म्हणजे उत्तर मिळालं म्हण की."

"मला नको होतं ते."

घरी न जाता ती तशीच दुसिमकडे गेली. दुसिमने पडल्या पडल्या तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोबड्या आवाजात म्हणाली, "आलीस? लेकीने हाकललं वाटतं."

"हो," वहिनी म्हणाली, "कूस बदला."

चार वर्षं दोन महिने तिने दुसिमचं सगळं केलं. भरवणं, पुसणं, अंथरूण बदलणं. आता यात प्रेम कसं फुललं ते सांगायचं असतं, पण मी तिथे होते. पेजेत मीठ कमी, पाणी गरम, हात राकट, असं काहीतरी खुसपट दुसिम रोज काढायची आणि वहिनी रोज माझ्याकडे येऊन भांडी आपटायची. मटणाच्या गोष्टीबद्दल दुसिमने माफी मागितली नाही. शेवटच्या हिवाळ्यात मात्र वहिनीखेरीज कोणाच्या हातून ती पाणीही घेईना. वहिनीचा यावरही संताप. "मला आजारीही पडू देत नाही," म्हणायची.

दुसिमच्या अंत्यविधीला तीच सगळ्यांत जास्त रडली.

आता लेक पुन्हा बोलावते आहे. वहिनी एकाहत्तरची. मला वाटलं, या खेपेला सुखाने जाईल. तर नाही. पहाटे माझ्या शेजारी तोंड मिटून बसते. पाळकसाहेबांचा शब्दन् शब्द ऐकू येतो.

"काय करतेस नुसती बसून?" परवा मी विचारलं.

"आधी मी सांगायचे. आता ऐकत बसते."

"मग काय म्हणतो तो?"

"बहुतेक वेळा काहीच नाही. वैताग येतो, वन्सं. पण मागच्या वेळी मी घाई केली होती."

ह्येरान मला फोन करून विचारते, आईचं ठरलं का. मी काय सांगू? काल मी कोबीची रोपं घेऊन गेले, म्हटलं तुझ्या वाफ्यात लावून टाकू, हिवाळ्याच्या किमचीला होतील. तर ही रोपांकडे बघत उभी.

"हिवाळ्यात मी इथे असेन की नाही, ते अजून कळलं नाही," म्हणाली.

"वहिनी, कोबीला तेवढं थांबता येत नाही."

तिने जरा विचार केला, मग खुरपं घेऊन खाली बसली. "लावू या. मी नसले तर तुम्ही खा." आणि मला वाकता येत नाही म्हणून सगळा वाफा तिनेच लावला.